भाच्याला दिवाळीत काय न्यावं?

प्रेषक: टिळकवाडीची लेक

मंडळी, नमस्कार.

यंदा दिवाळीला परदेशातून बेळगावला निघालेय. दादाचं बाळ आता वीस महिन्यांचं झालंय. दिवे लागणारा, एबीसीडी म्हणत फिरणारा एक कुत्रा इथल्या दुकानात बघून ठेवलाय. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "कशाला ओझं आणूलालीस गं? चांदीचे वाळे घाल आणि मोकळी हो." पैशाचं काही नाही, पण बॅगेत जागा कमी आहे. काय न्यावं?

प्रेषक: शहापूरकर

ताई, कुत्रा दुकानातच राहू दे. चार्जर नुसता 110 व्होल्टचा असला, तर तिकडच्या 230 ला लावल्यावर काय होईल ते सांगायला नको. आणि चालला तरी खेळतो कुत्रा, पोरगं नुसतं बघत बसतं. या वयाच्या मुलाला ओढायला, ढकलायला, भरायला आणि ओतायला काहीतरी हवं असतं.

बेंगळुरूवरून जाणार असाल तर तिथल्या कावेरी एम्पोरियममध्ये, म्हणजे सरकारी हस्तकलेच्या दुकानात, चन्नपट्टणची (लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध गाव) दोरीने ओढायची गाडी मिळते का बघा. काळ्या कुड्याच्या झाडाचं हलकं लाकूड लेथवर फिरवतात, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. ब्रश नाही, त्यामुळे रंगाचे पोपडे सहसा निघत नाहीत. मात्र त्याच नावाखाली साधा ऑइलपेंट मारलेला मालही खपवतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं विचारा, आणि बाकीच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बघा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे, जीआयच्या अधिकृत कारागिरांच्या मालाला मात्र त्यातून सूट आहे.

गोकाकची लाकडी फळं किंवा आंबोली उतरून सावंतवाडीच्या चितार आळीतली खेळणी म्हणाल, तर मला दोन्ही जिवापाड आवडतात. पण ती शोकेसमध्ये शोभतात. दात येणारं पोर आंबा बघितला की आधी चावणारच. दादाच्या घरी ठेवायला घ्या, बाळासाठी नको.

प्रेषक: निपाणीची मावशी

दिवाळीला जातेस आणि किल्ल्याचं कुणीच बोलत नाही? गल्लीतली पोरं माती-दगड आणून किल्ला करतात, त्यावर मोहरी पेरतात, वर महाराज, खाली मावळे. वीस महिन्यांचं पोर तिथे काय करणार? दोन मिनिटांत बुरुजावर बसणार! त्याला एक लहानशी झारी घेऊन दे. मोहरीला पाणी घालायचं काम त्याचं. मोठी पोरंही त्याला हाकलणार नाहीत, कारण रोज पाणी घालायचा त्यांनाच कंटाळा येतो. खडेबाजारात नाहीतर गणपत गल्लीत मिळेल, बॅगेत जागाही अडणार नाही. मावळे तेवढे उंचावर ठेवा, तोंडात जातात.

प्रेषक: बालरुग्ण विभागातली एक

मावशी, मावळ्यांचं बरोबर बोललात. टॉयलेट रोल संपल्यावर पुठ्ठ्याची नळी उरते ना, त्यातून जे आरपार जाईल ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायचं नाही. चांदीच्या वाळ्याचं घुंगरू त्यातलंच, ओढून बघा, निघतं का.

मला खरी धास्ती वाटते ती बटणासारख्या चपट्या सेलची. दिव्याच्या आणि गाण्याच्या स्वस्त खेळण्यांत हाच असतो, झाकणाला स्क्रूसुद्धा नसतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. पोर सुरुवातीला नुसती लाळ गाळतं, खात नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं दात येताहेत. शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा, उलटी करवू नका. सुट्टी लोहचुंबकंही नकोत. दोन गिळली तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना चिकटतात.

आणि येताना गोकाकचा करदंट आम्हा सगळ्यांसाठी आणा, पण बाळाला देऊ नका. त्यातले अख्खे बदाम-काजू घशात अडकतात.

प्रेषक: टिळकवाडीची लेक

सगळ्यांचे आभार. कुत्र्याचा नाद सोडला. सेलचं ऐकून दादाला लगेच फोन केला, टीव्हीच्या रिमोटचं झाकण ढिलं होतं, त्याने चिकटपट्टी लावली. चन्नपट्टणची गाडी बेंगळुरूला घेईन. मधे चार तास थांबायचंय, सामान मोठं नसलं म्हणजे झालं.

झारीचं वैनीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, दोन घ्या. शेजारचं पोरगंही तेवढंच आहे, नाहीतर किल्ल्यावर खरीच लढाई होईल." वाळे आईनेच घेऊन ठेवलेत म्हणे, आता घुंगरू कोण काढायला लावणार तेवढं ठरवायचंय.