मेनोनाइट शेजाऱ्यांचा बार्न जळाला, मदत कशी करावी?

मंडळी, कॅनडातल्या किचनर-वॉटर्लूच्या जुन्या रहिवाशांना विचारायचं आहे. एल्मायराजवळच्या एका ओल्ड ऑर्डर मेनोनाइट (जुन्या, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) कुटुंबाकडून आम्ही अंडी आणि मेपल सिरप घेतो. (फाटकावर पाटी: रविवारी विक्री नाही.) गेल्या आठवड्यात त्यांचा बार्न (गुरांचा गोठा आणि चाऱ्याचं कोठार) जळाला. गुरं वाचली, चारा सगळा गेला. ही माणसं विमा कंपनीकडे जात नाहीत. नुकसान झालं की समाज वर्गणी काढतो आणि घोडागाड्यांतून येऊन नवा बार्न उभा करून देतो. मला हे फार मोलाचं वाटतं. मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायचा, शस्त्र धरायचं नाही, एवढ्यासाठी सोळाव्या शतकात युरोपात यांच्या पूर्वजांना बुडवून, जाळून मारलं. एकमेकांना धरून राहण्याची सवय तेव्हापासूनची असावी.

शनिवारी उभारणी आहे. माझा नवरा सुतारकामाला हातभार लावायला जाणार आहे. पण पैसे कुटुंबाच्या हातात द्यावेत, की त्यांच्या डीकनकडे (चर्चमधला मदतीचं काम बघणारा सेवक)? हातात दिले तर ते अवघडतील अशी भीती वाटते. सासूबाई पुरी-भाजी करून पाठवायची म्हणतात. बाहेरचं जेवण चालतं का, की स्वयंपाकाचं त्या बायकांचं आधीच ठरलेलं असतं? त्या लांब, साधे झगे घालतात, डोक्यावर टोपी असते. मी साधा पंजाबी ड्रेस घातला तर चालेल ना? फोटो काढणार नाही, मुलांनाही बजावलं आहे.

कुणी अशा उभारणीला गेलं असेल तर शुक्रवारपर्यंत नक्की सांगा.