मदत हवी: लायसोसोमवर अडकलेय, परवापर्यंत पाहिजे

खानापूरची_पोर
लायसोसोम, म्हणजे पेशीतली ती पिशवी, सगळं पचवतं हे समजलं. विकरं असतात, आत पीएच ४.५ ते ५, तेही झालं. पण पुढं काय? मॅडम म्हणाल्या, "यात रीसायकलिंग कुठाय?" आणि पीपीटी परत दिली. नेटवर सगळीकडं तेच बाण काढलेलं चित्र. कुणीतरी सांगा ना. लिंका नकोत, इथं रेंज नाही, व्हिडिओ उघडत नाही.

टिळकवाडीकर
परवा काय आहे? पीयूसी का डिग्री? नीटची तयारी असेल तर एवढ्या खोलात शिरू नकोस.

कागवाडचा_अण्णा
सोप्पं आहे की. लायसोसोम म्हणजे आत्मघाती पिशवी. फुटली की पेशी खलास. एवढं लिही आणि मार्क घे. आमच्या सरांनी हेच लिहून दिलं होतं.

मलप्रभा
अण्णा, तिनं विचारलंय काय, तुम्ही सांगालाय काय! आणि एखाददुसरी पिशवी फुटली म्हणून पेशी मरत नाही. आतली विकरं आम्लात चालतात. बाहेर पेशीद्रवात पीएच ७.२ च्या आसपास, तिथं त्यांचा जोर ओसरतो. एकदम पुष्कळ फुटल्या तर गोष्ट वेगळी.

कागवाडचा_अण्णा
म्हणजे पुस्तक खोटं काय?

मलप्रभा
खोटं नाही, अर्धं.

निपाणीचे_काका
पोरी, ऑटोफॅजीवर लिही, म्हणजे पेशी स्वतःचेच भाग पचवते ते. जपानच्या ओसुमींना २०१६ चं नोबेल उपवासावरच मिळालं. मी एकादशीला पाणीसुद्धा घेत नाही. पेशी धुऊन निघतात. गुडघेदुखी गेली माझी.

मलप्रभा
काका, एकादशी करा, कोण नको म्हणतंय? पण ओसुमींनी उपाशी ठेवलं ते यीस्टला. यीस्टमध्ये लायसोसोमचं काम रिक्तिका करते. त्यांनी प्रथिनं तोडणारी विकरं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याचं अन्न तोडलं. काही तासांत रिक्तिका न पचलेल्या पुटिकांनी गच्च भरली, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतकी. त्यावरून पुढं ऑटोफॅजीची जनुकं हाती लागली. गुडघे कुठून आले त्यात?

खानापूरची_पोर
बीएस्सी तिसरं सेम, सेमिनार आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता पुस्तक इंग्लिश आणि मॅडम कन्नडमधून समजावतात. अक्का, मला पचन नकोय, त्याच्या *पुढचं* पाहिजे.

टिळकवाडीकर
हे आधी सांगायचं की!

मलप्रभा
आता ऐक. प्रथिनांची अमिनो आम्लं झाली, ग्लायकोजेनचं ग्लुकोज झालं. पण पीठ दळून जात्यातच राहिलं तर भाकरी कशाची करणार? लायसोसोमच्या पडद्यात वाहक प्रथिनं असतात. ती ठरावीक रेणू ओळखून बाहेर पेशीद्रवात सोडतात. तिथं त्याच अमिनो आम्लांपासून नवी प्रथिनं बनतात, किंवा उपाशी पेशी ती जाळून ऊर्जा घेते. मॅडमना हे दार दाखव.

पुरावा म्हणून सिस्टिनोसिस हा आजार घे. त्यात प्रथिनं पचतात, पण सिस्टीन या अमिनो आम्लाला बाहेर काढणारं वाहक प्रथिन, सिस्टिनोसिन, बिघडलेलं असतं. सिस्टीन आतच साठून त्याचे स्फटिक होतात. लहानपणीच किडन्या बिघडायला लागतात, डोळ्याच्या कॉर्नियातही स्फटिक दिसतात. शेजारी टे-सॅक्स हा आजार ठेव. तिथं हेक्सोसामिनिडेज-ए हे विकरच काम करत नाही, म्हणून चेतापेशींत गँग्लिओसाइड नावाचा मेद साठतो. एकात तोडणं अडलंय, दुसऱ्यात बाहेर पडणं.

आणि सिस्टिनोसिसवरचं औषध तर बघच. सिस्टिअमीन आत शिरून सिस्टीन तोडतं आणि त्यातल्या एका सिस्टीइनशी जोडी जमवतं. ती जोडी लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, म्हणून लायसिनच्या दारानं बाहेर पडते! एवढं सांगितलंस की मॅडम गप्प.

जांबोटीकर
पण पिशवीचा स्वतःचा पडदा का पचत नाही?

टिळकवाडीकर
तिनं विचारलंय काय ते? असो. पडद्यातल्या प्रथिनांना आतल्या बाजूनं साखरेच्या साखळ्यांचा दाट थर असतो, त्यामुळं विकरांना सहज पोचता येत नाही. मॅडम उलटतपासणी घेणाऱ्या असतील तर एमटॉर हे पेशीची वाढ सांभाळणारं विकर पण बघून जा. अमिनो आम्लं भरपूर असली की ते लायसोसोमच्या पृष्ठभागावर येऊन चालू होतं आणि ऑटोफॅजीला लगाम घालतं. उपासमारीत ते थंडावतं, लगाम सुटतो.

कागवाडचा_अण्णा
बीएस्सीला एमटॉर कोण विचारतंय? पोरीला घाबरवू नका.

खानापूरची_पोर
मॅडम विचारतात! सिस्टीन आणि सिस्टीइन वेगळं का एकच?

मलप्रभा
वेगळं. दोन सिस्टीइन जुळले की एक सिस्टीन. स्लाईडवर स्पेलिंग दोनदा तपास, तिथंच धरतील.

निपाणीचे_काका
ते औषध आपल्याकडं मिळतं काय? आमच्या हिला युरिक ॲसिड आहे.

टिळकवाडीकर
काका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरला दाखवा.

निपाणीचे_काका
दाखवलंय रे. तुरीची डाळ बंद केली त्यांनी. आता आमटी कशाची करायची ते सांगा कुणीतरी.