मदत हवी आहे: युरोपचा कार्बन कर आणि आमचे नट-बोल्ट

वाळूजकर
मंडळी, जाणकारांनी जरा वाट दाखवावी. वाळूज एमआयडीसीत आमचं फोर्जिंगचं (तापवलेलं पोलाद ठोकून घडवायचं) छोटं युनिट आहे. हॉट फोर्ज्ड बोल्ट आणि स्टड हा मुख्य माल, शिवाय मशीनिंग केलेले थोडे गाडीचे पार्ट. निम्म्याहून जास्त बोल्ट जर्मनीतल्या एकाच बायरकडे जातात, महिन्याला साधारण एक कंटेनर.

ऑक्टोबर २०२३ पासून तो 'सीबॅम'चं, म्हणजे युरोपच्या या आयातीवरच्या कार्बन कराचं, एक्सेल भरून मागायचा. तेव्हा नुसती माहिती द्यायची होती, पैशाचा प्रश्न नव्हता. १ जानेवारी २०२६ पासून खरा हिशेब सुरू झालाय. आता त्याची मेल आली आहे: तुमच्या प्लांटचे प्रत्यक्ष आकडे द्या, तेही पडताळणी केलेले, नाहीतर डीफॉल्ट (युरोपने ठरवून दिलेले सरसकट) आकडे धरून जो बोजा पडेल तो पुढच्या ऑर्डरच्या भावातून वळता करू.

इथे सल्ले मात्र ढीगभर. आमचे सीए म्हणतात, छतावर सोलर टाका, कार्बन शून्य. एक कन्सल्टंट म्हणतो, कार्बन क्रेडिट विकत घ्या, मी मिळवून देतो. दुसरा म्हणतो, यंदा अडीच टक्केच भरायचे आहेत, घाबरताय कशाला?

माझे प्रश्न साधे आहेत. मोजायचं नेमकं काय? सोलरवर पैसे घालू का? आणि या सगळ्यात आमच्यासारख्याला चार पैसे सुटायची काही शक्यता आहे, की नुसताच भुर्दंड?

टिकल्या
युरोपचा नाद सोडा, इंग्लंडला विका.

वाळूजकर
अहो, त्यांचाही असाच कर १ जानेवारी २०२७ पासून येतोय. पळून पळून कुठे पळणार?

घण_ऐरण
वाळूजकर, आधी एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचे आकडे) काढून बसा. बोल्ट-स्टड ७३१८ मध्ये आणि पोलादाच्या इतर वस्तू ७३२६ मध्ये, हे दोन्ही सीबॅमच्या यादीत आहेत. गाडीचे पार्ट ८७०८ मध्ये जात असतील तर ते आज यादीत नाहीत. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या पुढच्या मालापर्यंत यादी वाढवायचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडलाय, म्हणून त्यांचेही आकडे आतापासून लिहून ठेवा. वर्षाला ५० टनांपर्यंतच्या आयातीला सूट आहे, पण ती बायरच्या सगळ्या पुरवठादारांचा असा माल मिळून धरतात. तुमच्या एकट्याच्या कंटेनरांतच ती ओलांडली जाईल.

आता सोलर. लोखंड-पोलादासाठी सीबॅममध्ये सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, म्हणजे इंधन जाळून आणि प्रक्रियेतून निघालेलं. विजेचं धरत नाहीत. सोलरने बिल कमी होईल, जरूर टाका, पण बोल्टवरचा हा बोजा त्याने तसूभरही हलणार नाही.

बोजा आहे तो तुम्ही विकत घेता त्या पोलादी बारमध्ये (सळईत). उदाहरणादाखल आकडे धरतो. एक टन बोल्टला १.१५ टन बार लागतो. ब्लास्ट फर्नेसच्या (कोळशावर खनिजापासून केलेल्या) बारमागे टनाला २.४ टन कार्बन डायऑक्साइड धरला, तर तिथेच २.७६ झाले. तुमच्या भट्टीत टनामागे ८० किलो एलपीजी जळत असेल तर त्याचे ०.२४. एकूण तीन टन, आणि त्यातला तुमच्या हातचा हिस्सा बाराव्या भागाइतकाही नाही. तोच बार स्क्रॅप वितळवून केलेला असेल आणि त्याचा आकडा ०.४ असेल, तर एकूण ०.७ च्या आसपास येतं. मात्र भट्टी विजेची आहे एवढ्यावर खूश होऊ नका. आपल्याकडे इंडक्शन भट्टीत कोळशावर खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड, म्हणजे स्पंज आयर्न, सर्रास घालतात, आणि तो कोळसाही हिशेबात येतो. स्क्रॅप किती, स्पंज किती, हे मिलला लेखी विचारा.

त्या १.१५ कडेही बघा. फ्लॅश (साच्याबाहेर निघालेलं जादा पोलाद) आणि बारचे तुकडे भंगारात जातात, पण त्यांचा कार्बन भंगाराबरोबर जात नाही, बोल्टवरच बसतो. डाय सुधारून १.१५ चे १.१० केलेत तर स्टील वाचतं आणि कार्बनही. सोलरआधी मी हे करेन.

'अडीच टक्के' हे अर्धसत्य आहे. युरोपातल्या कारखान्यांना फुकट मिळणारे कार्बन सोडायचे परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतायत. २०२६ मध्ये कपात २.५ टक्के, २०३० मध्ये ४८.५. तुमच्या उत्सर्जनातून वजा होतो तो उरलेल्या टक्क्यांइतका युरोपचा बेंचमार्क (टनामागे किती कार्बन, याचं त्यांनी ठरवलेलं माप). बेंचमार्कच्या वर जे असेल ते पहिल्या वर्षापासून पूर्ण मोजलं जातं. बेंचमार्क उत्पादनाच्या पद्धतीप्रमाणे वेगळा असल्यामुळे स्क्रॅपच्या बारचा फायदा आज वाटतो तेवढा दिसणार नाही, पण दरवर्षी वाढत जाईल. एक टन कार्बनच्या परवान्याचा भाव २०२५ मध्ये साधारण ६० ते ८५ युरोंच्या दरम्यान होता, त्यावरून अंदाज बांधा.

क्रेडिटवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. विकत घेतलेली ऐच्छिक क्रेडिटं इथे चालत नाहीत. मूळ देशात खरोखर भरलेली कार्बनची किंमत मात्र वजा मिळू शकते. आपली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि तिच्या नऊ क्षेत्रांत लोखंड-पोलाद आहे. ती मोठ्या कारखान्यांसाठी आहे. तुमचा संबंध आला तर मिलमार्फत.

चार पैसे सुटायचे तर ते बायरशी बोलण्यात. २०२६ च्या मालाची सीबॅम प्रमाणपत्रं (कर ज्या रूपात भरायचा ती) त्याला फेब्रुवारी २०२७ पासून घ्यायची आहेत आणि विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचंय. डीफॉल्ट आकडे मुद्दाम चढे ठेवलेत. तुमच्या पडताळलेल्या आकड्यांमुळे त्याचे टनामागे जे युरो वाचतात त्यातला वाटा मागा, आणि पडताळणीचा खर्च अर्धा अर्धा करायला लावा. भट्टी बदलायची असेल तर ऊर्जा दक्षता ब्युरोची 'अदिती' योजना बघा. फोर्जिंग तिच्यात आहे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत मिळते.

सांगलीची_लेक
वर सगळं बरोबर आहे, पण खरी कटकट स्टॉकिस्टपाशी आहे. आमच्याकडे तीन मिलचा बार एकाच रॅकमध्ये पडायचा आणि टीसीची (मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटची) झेरॉक्स इतकी पुसट की हीट नंबर (कुठल्या वितळीतला बार, तो आकडा) वाचायला भिंग लागायचं. आता टीसी मेलवर आल्याशिवाय गाडी खाली करत नाही. मिलप्रमाणे बारच्या टोकांना वेगळा रंग, आणि जॉब कार्डावर हीट नंबर. सहा महिने सुपरवायझर कुरकुरत होता.

अजून एक. मिल 'ग्रीन स्टील'चे स्टार दाखवते तेव्हा हुरळून जाऊ नका. टन पोलादामागे कार्बन २.२ टनांच्या खाली असला की आपल्या सरकारच्या वर्गवारीत स्टार मिळायला लागतात, पण त्यात वीजही धरलेली असते. तो आकडा जसाच्या तसा सीबॅमच्या तक्त्यात भरता येत नाही. मिलकडून सीबॅमच्याच नमुन्यात माहिती मागा.

वाळूजकर
दादा, ताई, खूप आभार. उद्याच स्टॉकिस्टला गाठतो. शेवटची शंका: आमचं हीट ट्रीटमेंट बाहेर जॉबवर्कला जातं. त्याच्या भट्टीचा गॅस कुणाच्या खात्यावर?

घण_ऐरण
गॅस त्याचा जळला तरी माल तुमचाच, तेव्हा तोही बोल्टवर धरला जाऊ शकतो. त्याच्याकडून महिन्याचा एकूण गॅस आणि भट्टीतून गेलेले एकूण टन लिहून घ्या, तुमचा वाटा त्यातून निघेल. पडताळणीवाला त्याच्याकडेही डोकावू शकतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी गेट बंद असेल.