संत्र्याची पन्हेरी: कलम विकणाऱ्यावर रोगाची आणि जातीची जबाबदारी किती?

जंबेरी_खुंट (प्रश्न):
नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात नागपुरी संत्र्याची साधारण दहा हजार कलमांची पन्हेरी (रोपवाटिका) टाकायची आहे. परवाना लागतो हे माहीत आहे. पण परवाना हातात आल्यावर रोग आणि जात या दोन्ही बाबतीत विकणाऱ्यावर काय काय बंधनं येतात? नोंदी कोणत्या ठेवायच्या? कलमा जमिनीत वाफ्यावर करू की पिशवीतच? डिंक्याची (खोडातून डिंक गळून झाड वाळवणाऱ्या रोगाची) धास्ती सगळ्यात जास्त आहे. जागेच्या वरच्या अंगाला जुना बगीचा आहे आणि पावसाचं पाणी तिकडून खाली येतं.

नोंदवही:
आपल्याकडे महाराष्ट्रात १९६९ चा फळरोपवाटिका कायदा लागू आहे. त्यातली मुख्य बंधनं अशी: परवान्यात लिहिलेल्या जातींचीच कलमं करायची, प्रत्येक खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) आणि डोळा (खुंटावर बांधायची संत्र्याची कळी) कुठून आला याची नोंद ठेवायची, मातृवृक्षांचा (ज्यांचे डोळे घेतात त्या झाडांचा) आणि वाफ्यांचा नकाशा ठेवायचा, पन्हेरी आणि मातृवृक्ष दोन्ही कीडरोगमुक्त राखायचे, आणि निरोगी कलमच बाहेर सोडायचं. मातृवृक्षही यात येतात, हे बरेच जण विसरतात. पन्हेरी स्वच्छ आणि डोळा मात्र कुणाच्याही बागेतून आणलेला, असं चालत नाही.

वहीत एवढे रकाने ठेवा: बियाणं कुठलं, पेरणीची तारीख, गट क्रमांक (जमिनीचा नव्हे, एकत्र वाढवलेल्या रोपांच्या तुकडीचा), मातृवृक्ष क्रमांक, डोळा बांधल्याची तारीख, बांधणाऱ्याचं नाव, फवारणी, विक्रीची पावती. ज्या मातृवृक्षाचा डोळा, त्याचा क्रमांक कलमाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही आला पाहिजे. तीन वर्षांनी एखादा शेतकरी तक्रार घेऊन आला तर त्याच झाडाची बाकीची कलमं कुठे गेली, हे दहा मिनिटांत सांगता यायला हवं.

काळीमाती:
भाऊ, आधी जागा बदला. डिंक्याची बुरशी, म्हणजे फायटोफ्थोरा, पाण्यातून अक्षरशः पोहत येते. जुन्या बगीच्याचं पाणी पन्हेरीत उतरत असेल तर पुढचं सगळं वाया. जागा बदलणं शक्यच नसेल तर वरच्या बाजूला खोल चर काढून पाणी बाहेर वळवा. ओलितालाही नाल्याचं पाणी नको, विहिरीचं किंवा बोअरचं वापरा.

वाफ्यावरची कलमं मी विकू नका असंच म्हणेन. उपटताना तंतुमुळं तुटतात आणि उरलेल्या मातीसोबत बुरशी गिऱ्हाइकाच्या शेतात जाते. पिशवीच करा. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या. एप्रिल-मेमध्ये हे मिश्रण ओलं करून अर्ध्या ते पाऊण फुटाच्या थरात पसरा, वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून कडा मातीने दाबा आणि सहा आठवडे तसंच ठेवा. काळा कागद घालू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. कोरड्या मिश्रणावर केलेलं काम फुकट जातं, कारण उष्णता ओलाव्यातूनच खाली पोचते.

पिशव्या थेट जमिनीवर मांडल्या की मुळं तळाच्या भोकांतून जमिनीत उतरतात आणि आधीची सगळी मेहनत तिथे संपते. खाली जाड प्लॅस्टिक कागद आणि त्यावर गिट्टीचा थर द्या.

खुंटासाठी जंबेरी लिंबाचं बियाणं झाडावरून तोडलेल्या फळांचंच घ्या, खाली पडलेल्या फळांचं नको. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं ठेवून सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. जंबेरीचं बी फार दिवस टिकत नाही. उगवल्यावर फार खुजी, फार उंच आणि वेगळ्या पानाची रोपं काढून टाका. ती मातृझाडासारखी निघत नाहीत. त्यामुळे दहा हजार कलमांसाठी पंधरा हजार रोपांपासून सुरुवात करा.

तपासणी मुळांपासून करा. तंतुमूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा उरला तर तो गट विक्रीला नाही. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी (२.५ ग्रॅम प्रति लिटर, मुळाशी ओतून) करून कलम हिरवं दिसायला लागतं, पण बुरशी फक्त थोपते. लागण झालेला गट औषध पाजून विकणं ही शेतकऱ्याची फसवणूक आहे. त्याची बाग पाच-सहा वर्षांनी वाळते.

जंबेरी_खुंट:
जागा बदलतो. डोळाकाडी (डोळे काढायची फांदी) ओळखीच्या बागेतून घेतली तर चालेल? झाडं चांगली भरघोस आहेत.

डोळाकाडी:
भरघोस दिसतं म्हणून निरोगी असं नाही. ट्रिस्टेझा विषाणू आणि ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग डोळ्यातून पुढे जातात, आणि जंबेरी खुंट ट्रिस्टेझाला सोसतो म्हणून झाडावर लक्षणंच दिसत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेचं किंवा कृषी विद्यापीठाचं तपासलेलं साहित्य घ्या. स्वतःचे मातृवृक्ष करणार असाल तर एकेक झाड प्रयोगशाळेतून तपासून घ्या. एकदा तपासलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. मावा ट्रिस्टेझा आणतो, सिट्रस सायला ही कीड ग्रीनिंग आणते. म्हणून मातृवृक्ष कीडरोधक जाळीत ठेवा आणि तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करा.

चाकूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एक्सोकॉर्टिस नावाचा व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) चाकूवरून पसरतो आणि स्पिरिटने जात नाही. रंगपूर लाइम या दुसऱ्या लिंबाच्या खुंटावर तो खोडाची साल सोलवतो, जंबेरीवर लपून राहतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या १ ते २ टक्के द्रावणात पातं बुडवा, मग साध्या पाण्यात धुऊन पुसा, नाहीतर गंजतं. एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी हे करायचं. द्रावण रोज ताजं करा.

डोळा जमिनीपासून २५ सेंटिमीटरच्या वर बांधा, म्हणजे पावसात उडालेली माती खुंट आणि डोळ्याच्या सांध्याला लागत नाही. पान कापताना देठ ठेवा. पंधरा-वीस दिवसांनी देठ बोट लावताच गळला तर डोळा लागला, सुकून चिकटून बसला तर गेला.

नोंदवही:
विक्रीच्या वेळचं एक राहिलं. बाद कलमं स्वस्तात देऊ नका आणि बांधावर टाकू नका, मुळासकट जाळा आणि किती जाळली ते त्याच वहीत त्याच गटासमोर लिहा. पावतीवर जात, खुंट, गट क्रमांक आणि मातृवृक्ष क्रमांक हवा. शिवाय सांधा जमिनीच्या वर ठेवून लावायचं हे तोंडी सांगून भागत नाही, पावतीच्या मागे छापून घ्या. सांधा मातीत गाडला की निरोगी कलमालाही डिंक्या लागतो, आणि दोष पन्हेरीवर येतो.