अडीच वर्षांची घोडी ताडपत्रीला फार बुजते, बांधून सवय लावावी का?

भीमाकाठ_दौंड:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबड लागेल. आम्ही दौंड तालुक्यातले, घरी ऊस, कांदा आणि थोडं कलिंगड. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणली, तेव्हा दोन वर्षांची होती, आता अडीच पूर्ण. रंग कुमैत, कपाळावर टिकली, नाव बिजली. माणसाची भीती अजिबात नाही, खरारा करताना डोळे मिटून उभी राहते, चारी पाय उचलू देते, माझ्या आठ वर्षांच्या पोरीच्या हातून गूळ खाते. पण वस्तूंना बुजते. कलिंगडाचा काढलेला मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) बांधावर पडलाय तो जरा फडफडला की संपलं, ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं दिसलं की चार पाय रोवून उभी, छत्रीचं तर नावच नको.

गेल्या आठवड्यात वळवाच्या वाऱ्यात कांदाचाळीवरची निळी ताडपत्री एका बाजूनं सुटली आणि उठली वर, बिजलीनं असा झटका दिला की दोरी माझ्या तळहाताची साल काढत निघून गेली आणि ही उधळली ती थेट कॅनॉलपर्यंत. मागच्या डाव्या पायाला खरचटलंय, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही.

आता शेजारचे एकजण सांगतायत की लिंबाला आखूड बांध, ताडपत्री अंगावर टाक, तासभर नाचेल, मग गप उभी राहील, आयुष्यभराचं काम होऊन जाईल. वडील म्हणतात बुजरी घोडी विकून टाक. मला विकायची नाही आणि बांधून ताडपत्री टाकायला मन धजत नाही. शिवाय आषाढी आली, तुकोबारायांची पालखी आमच्या भागातून यवत, वरवंड करत जाते, रस्ता माणसांनी भरतो, त्याआधी काही करता येईल का?

अजून एक कोडं आहे. विहिरीजवळ एक पिवळा ड्रम आहे, जाताना त्याच्या शेजारून निवांत जाते, आणि येताना त्याच ड्रमला बघून उडी मारते. हे नाटक आहे का खरंच भीती?

वरातीची_घोडी:
दादा आमचा तीन पिढ्यांचा लग्नातल्या घोड्यांचा धंदा आहे. आमच्याकडं असंच करतात, बांधून ताडपत्री टाकायची, शेजारी डबा वाजवायचा, दोन-तीन दिवसांत जनावर शांत होतं. बँड, डीजे, फटाके सगळं सोसायचं असतं त्याला. फार लाड केले की डोक्यावर बसतं. शेजारी बरोबर सांगतायत.

पागा_कोल्हापूर:
वरातवाल्या भावाचा अनुभव मोठा आहे, धंद्याला वेळ नसतो हेही मला कळतं, पण भीमाकाठ, तू हे करू नकोस. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका शिंगराला असंच खांबाला बांधून पोती टाकली होती. नाचलं, घामानं निथळलं, मग उभं राहिलं. मला वाटलं झालं काम. ते शांत झालं नव्हतं रे, त्यानं हार मानली होती, पळायला जागाच नाही म्हटल्यावर काय करणार. पुढं वर्षभरानं एका मांडवाचं कापड वाऱ्यानं अंगावर आलं, तिथं बांधलेलं नव्हतं, तेव्हा ते असं सुटलं की दोन माणसं पाडली. आत दाबलेलं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. आखूड बांधलेलं तरुण जनावर मागं ओढतं तेव्हा मानेला कायमची दुखापत होऊ शकते, पाय घसरून उलटं पडलं तर जिवावर बेततं.

घोडा म्हणजे पळून जीव वाचवणारं जनावर. वाघ आहे का झुडूप आहे हे बघत थांबणारे त्याचे पूर्वज खाल्ले गेले, आधी पळून मग वळून बघणारे जगले. त्यामुळे बिजली बुजते यात खोट काही नाही. तिला एवढंच शिकवायचंय की पळायच्या आधी थांबून बघितलं तरी चालतं, आणि शेजारी उभा असलेला माणूस आपल्याला संकटात ढकलत नाही.

सगळं औषध अंतरात आहे. मोकळ्या रानात, वारा नसलेल्या सकाळी, ताडपत्री घडी घालून जमिनीवर ठेव आणि बिजलीला लांब सुती दोरीवर, बारा-पंधरा फूट, घेऊन लांबून चालत ये. एका ठिकाणी तिचे कान ताडपत्रीकडं टवकारतील, मान वर जाईल, श्वास थांबल्यासारखा वाटेल, पण पाय अजून शांत असतील. ती तुझी रेघ. त्या रेघेच्या पुढं तिला ओढायचं नाही. तिथंच थांब, बोल, मानेच्या बुडाला, आयाळ संपते तिथं खाजव, घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात आणि त्यानं त्यांच्या काळजाचे ठोके खरंच कमी होतात. मग मान खाली येईल, नाकातून फुर्र करेल, तोंड चघळल्यासारखं करेल. ते झालं की लगेच तिला वळवून ताडपत्रीपासून लांब ने. हेच तिचं बक्षीस. उलट ती उड्या मारत असताना तू ताडपत्री काढून घेतलीस तर ती शिकणार की उडी मारली की भूत जातं, मग रोज उडी मारेल.

दुसऱ्या दिवशी रेघ चार पावलं पुढं सरकलेली असेल. कधी मागंही जाईल, वाऱ्याचा दिवस असेल तर नक्की मागं जाईल, तेव्हा कालच्या ठिकाणासाठी हट्ट धरू नकोस.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. वस्तू तिच्या अंगावर आणायच्या ऐवजी तिच्यापासून लांब ने. म्हणजे कुणीतरी ताडपत्री ओढत पुढं चालायचं आणि तू बिजलीला घेऊन मागून. पळणारी वस्तू भ्यायची नसते, तिच्या मागं जायचं असतं, हे जनावराला आपोआप कळतं. दहा मिनिटांत कान पुढं करून हुंगायला बघेल.

डेन्मार्कमध्ये २००६ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दोन वर्षांचे २७ तरुण घोडे आणि एक पांढरी नायलॉनची पिशवी. काहींना पिशवीचा पूर्ण अनुभव एकदम दिला, काहींना खाण्याचं आमिष जोडून दिला, आणि काहींना अगदी बारीक टप्प्याटप्प्यानं. टप्प्याटप्प्यावाले कमी बुजले, कमी वेळा शिकवावं लागलं आणि त्यातले सगळेच्या सगळे तयार झाले. म्हणजे सावकाश गेलं की वेळ जास्त लागतो हेही खरं नाही.

दोरी हाताला कधी गुंडाळू नकोस, हातमोजे घाल, आणि तिच्या अगदी समोर उभा राहू नकोस, खांद्याशी राहा, बुजली तर सगळ्यात आधी पुढं उडी येते.

पशुवैद्य_मराठवाडा:
वरचं सगळं पटतं. मी पेशानं जनावरांचा डॉक्टर, म्हणून आधी एक गोष्ट विचारते, डोळे तपासून घेतलेत का? तुम्ही लिहिलंय एका बाजूनं जाताना निवांत आणि दुसऱ्या बाजूनं बुजते, तर एका डोळ्यात काही दोष नाही ना हे पहिल्यांदा बघायला हवं. आपल्याकडे घोड्याच्या डोळ्यात पांढऱ्या दोऱ्यासारखा वळवळणारा कृमी सापडतो, बुबुळावर निळसर साय येते, डोळ्यातून सतत पाणी गळतं, यातलं काही असेल तर शिकवणं बाजूला ठेवून उपचार करा. वारंवार डोळा सुजून लाल होत असेल तरी तेच.

डोळे ठणठणीत निघाले तर ड्रमचं कोडं सोपं आहे, ते नाटक नाही. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात तरुण घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याचा एक मोठा प्लास्टिकचा सेट दाखवून सवय लावली आणि मग तोच सेट, त्याच जागी, नुसता ९० अंशांत फिरवून ठेवला. घोडे त्याला नवीन वस्तू बघितल्यासारखे बुजले. जनावरांच्या वागणुकीच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन त्या संशोधनात होत्या. बिजलीला जातानाचा ड्रम आणि येतानाचा ड्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक वस्तू डावीकडून, उजवीकडून, जाताना, येताना सगळ्या बाजूंनी दाखवा.

घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, पण कपाळाच्या बरोबर समोर, नाकाखाली आणि शेपटीमागे दिसत नाही. नीट बघायला त्याला मान वर-खाली करावी लागते. आपण घाबरून दोरी तोंडाजवळ आखूड धरतो तेव्हा त्याचं बघणंच बंद करतो. निळा आणि पिवळा त्याला चांगले ओळखू येतात, लाल-हिरव्यात गल्लत होते, त्यामुळे तुमची निळी ताडपत्री आणि पिवळा ड्रम तिच्या नजरेत ठसठशीत भरतात.

आणखी दोन प्रश्न. चणे किती देता? दिवसभर बांधलेली असते का? भरपूर चणे आणि खुंट्याला उभं, असं असेल तर ती शक्ती कुठंतरी निघणारच. मोकळं फिरू द्या. तोंडात लगामाची कडी घालायला सुरुवात केली असेल तर सध्या थांबा, अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडतात, तोंड दुखत असतं. आणि पाठीवर बसायची घाई नको, पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षं उलटेपर्यंत चालू असते.

लालमाती_माथेरान:
आमच्या घरचे घोडे माथेरानला चालतात. दस्तुरी नाक्याच्या पुढं पर्यटकांच्या गाड्या नाहीत, पण बाकी सगळं आहे, छत्र्या, रेनकोट, ट्रॉली बॅगांची चाकं, माकडं वरून उडी टाकतात, पोरं ओरडतात. आणि २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षा आल्या, त्या तर आवाजच करत नाहीत, मागून एकदम शेजारी येतात, सुरुवातीला जुने घोडेसुद्धा दचकले.

आम्ही नवीन घोडा कधीच एकटा नेत नाही. एक म्हातारा, सगळं बघितलेला घोडा पुढं आणि नवा त्याच्या शेपटीला. म्हातारा रिक्षेकडं बघतही नाही, चालत राहतो, ते बघून नव्याचा जीव थाऱ्यावर येतो. पंधरा-वीस दिवस असं, मग शेजारी शेजारी, मग नवा पुढं आणि म्हातारा मागं. तुमच्याकडं दुसरा घोडा नसेल तर गावात बैलगाडा शर्यतीवाल्यांकडं बघा, बारीत बैलांच्या पुढं पळणारी घोडी असते त्यांच्याकडं, हलगी आणि गर्दीला तयार झालेली. मागून आणा चार दिवस. फक्त स्वतः बुजणारी आणू नका, भीती पण अशीच एकाकडून दुसऱ्याकडं जाते.

पालखीबद्दल माझं मत सांगतो, यंदा तिला रस्त्यावर नेऊ नका. माउलींच्या सोहळ्यातले अश्व बघून वाटतं की घोडा असा शांत असतोच, एवढ्या लाखो माणसांत, पताका टाळ मृदंगात रिंगण धावतात. पण ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीपर्यंत चालत येतात, रोज नवं गाव, नवी माणसं, आणि त्यांच्यासोबतची माणसं त्यांना ओळखणारी. बिजलीला लांबून, शेतातूनच ऐकवा.

वरातीची_घोडी:
पागावाले काका, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. आमची एक घोडी आहे, वरातीत दगडासारखी उभी असते पण घरी आली की खात नाही, कोपऱ्यात तोंड करून उभी. आम्ही म्हणायचो दमली असेल. आता वाटतंय तिचं पण असंच आतल्या आत असेल का?

पागा_कोल्हापूर:
असू शकतं भावा. आधी डॉक्टरांकडून पोट आणि दात बघून घे, मग आठ-दहा दिवस तिला काम न देता मोकळं सोड, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीत. खायला लागली तर कळेलच. कानात कापसाचे बोळे घालून काम करणारे पण आहेत, आवाजाला त्याचा उपयोग होतो. आणि दोन वाजंत्र्यांच्या मध्ये तिला उभी करू नकोस, स्पीकर एका बाजूलाच राहू दे म्हणजे दुसरी बाजू तिला मोकळी वाटते.

भीमाकाठ_दौंड:
मंडळी, तीन आठवडे झाले, सांगायला आलोय. डोळे तपासले, चांगले आहेत. चणे निम्मे केले आणि दुपारनंतर आंब्याच्या बागेत मोकळी सोडतो, त्यानंच निम्मा फरक पडला.

ताडपत्री आधी साठ-सत्तर पावलांवर ठेवली होती, तिथंच तिची रेघ निघाली, मला वाटलं होतं वीस पावलांवर असेल. पाचव्या दिवशी मोठा वारा होता, मी उगाच पुढं न्यायला गेलो आणि सगळं मागं गेलं, दोन दिवस परत पहिल्यापासून. चूक माझीच. मग पोरीला ताडपत्री ओढत पुढं चालायला लावलं आणि आम्ही मागून. पहिल्या फेरीला बिजली तिरकी तिरकी चालत होती, तिसऱ्या फेरीला नाक लावलं, मग पुढचा पाय ठेवला आणि आवाज झाला तशी स्वतःच दचकली, पण पळाली नाही, वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. तिथंच थांबलो आणि घरी आणली.

पिवळ्या ड्रमला आता दोन्ही बाजूंनी जाते. मी पोरीला सांगून रोज तो थोडा फिरवून ठेवतो. मल्चिंग पेपर सगळा गोळा केला, तो तसाही रानात राहायला नको होता.

पालखीला तिला नेलं नाही. रस्त्यापासून दोन शेतं आत शेजाऱ्यांच्या शर्यतीच्या घोडीसोबत उभी होती, टाळांचा आवाज आला तसे कान पुढं, शेजारीण गवत खात होती म्हणून हिनंही खाली मान घातली आणि खायला लागली. वडील बांधावर बसून बघत होते, विकायचं काही बोलले नाहीत, संध्याकाळी स्वतः खरारा केला.

छत्रीचं मात्र अजून जमत नाही. उघडताना फट्ट होतं तिथंच अडतंय. आधीच उघडून जमिनीवर ठेवू का लांबून हळूहळू उघडू?

लालमाती_माथेरान:
आधी उघडीच ठेवा, कडेला, तिच्या चरायच्या जागेपासून लांब, आणि दोन-तीन दिवस विसरून जा. ती आपणहून हुंगायला जाईल. मग बंद छत्रीनं अंगाला खाजवा. उघडायची वेळ आली की कुणालातरी पन्नास पावलांवर पाठ करून अर्धीच उघडायला सांगा, आणि त्या दिवशी शर्यतीच्या घोडीला शेजारी ठेवा.