सहावीच्या मुलांना शेतावर न्यायचंय, पण पिकनिक नको. काय करता येईल?

शेवंती_पुणे
नमस्कार मंडळी, मी पुण्यात सहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे दर पावसाळ्यात मुलांना "शेती दाखवायला" कुठल्यातरी कृषी पर्यटन केंद्रावर नेतात आणि तिथे काय होतं तर आल्या आल्या फेटे, बैलगाडीची एक चक्कर, पिठलं भाकरी, दुपारी रेन डान्स आणि मग कोपऱ्यातल्या एका वाफ्यात पाच मिनिटं चिखलात उभं राहून हातात भाताची रोपं धरून फोटो. परत आल्यावर वर्गात विचारलं की आपण भाताचा नेमका कुठला भाग खातो, तर सगळे गप्प, एक जण म्हणाला मुळं. मुलांची चूक नाही हो, त्यांनी तेवढंच पाहिलं.

आता मोठ्या बाईंनी सांगितलंय की नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना ठेवायचे आहेत, त्यातले काही शेतीला घ्या आणि प्लॅन द्या. मुलं चाळीस, बजेट बेताचं, बसने तास दीड तासाच्या आत जाऊन येता आलं पाहिजे. कुठलं पीक घ्यावं, मुलांकडून काय करून घ्यावं, आणि साप विंचू म्हणून पालक आत्तापासूनच घाबरलेत त्यांचं काय करू? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

बांधावरचा
ताई राग मानू नका पण आमची बाजू पण ऐका. मी मावळातला, घरची भातशेती, इंद्रायणी जातीचा भात करतो. आवणीच्या म्हणजे रोपं लावायच्या दिवसात शाळांचे फोन येतात की पोरांना चिखलात उतरवायचंय. या की, आनंदच आहे. पण पोरं एका चुडात, म्हणजे एका जागी, मूठभर रोपं कोंबतात, तिथं दोन तीनच पाहिजेत, आणि कोपरापर्यंत हात घालून खोल लावतात. खोल लावलं की फुटवे धरत नाहीत. म्हणजे तुमची बस गेली की माझी आई आणि बायको तो वाफा परत लावायला बसतात, आणि त्याच दिवसात आख्ख्या गावाला माणूस मिळत नसतं.

बरं एवढं करून पोरांना भात कळतो का तर नाही. भात म्हणजे आवणी नव्हं. उन्हाळ्यात राब, म्हणजे रोपं तयार करायची जागा, भाजायचा, जूनात पेरायचं, रोप तीन आठवड्याचं झालं की चिखलणी करून लावायचं, मग निंदणी, पाण्याची राखण, मग पोटरी (लोंबी पानाच्या आत भरते ती), मग निसवणं (लोंबी बाहेर पडणं), आणि दिवाळीच्या आसपास कापणी झोडणी. तुम्ही त्यातला एकच दिवस बघता, तो पण फोटोपुरता. माझं म्हणणं एकच, यायचं तर एकाच खाचरावर परत परत या. आवणीला या, निसवायच्या वेळेला या, झोडणीला या. एक छोटा वाफा मी शाळेच्या नावाने सोडतो, त्यात चुकलं तर चुकू द्या, उलट चुकूच द्या, कोपऱ्यात दाट आणि खोल लावलेलं कसं दिसतंय आणि नीट लावलेलं कसं, ते ऑक्टोबरात पोरं स्वतः लोंब्या मोजून बघतील.

आणि त्या दिवसाचे पैसे द्या. जेवणाचे नाही, आमच्या वेळेचे. शाळेत पाहुणे वक्ते बोलावता त्यांना पाकीट देता ना.

मातीपरीक्षक
+१ बांधावरचा. एकाच तुकड्यावर परत जाणं हेच खरं.

मी कृषी पदवीधर आहे, पीक सुचवायचं तर भातापेक्षा भुईमूग घ्या असं म्हणेन, चिखल नाही, खरीप हंगाम शाळेच्या पहिल्या सत्रात चपखल बसतो आणि मुलांना जे दिसतं ते पुस्तकात वाचून कळत नाही. खेड, पुरंदर भागात कोणाकडे तरी नक्की असतो.

साधारण दीड महिन्याचं पीक झालं की पहिली फेरी मारा. शेतकऱ्याला विचारून चार पाच झाडं मुळासकट उपटायची, खेचून नाही, कुदळीने बाजूची माती सैल करून, नाहीतर गाठी जमिनीतच राहतात. माती बादलीत हलकेच धुवायची. मुळांवर मोहरीएवढ्या लहान मोठ्या गाठी दिसतात. एक गाठ नखाने चिरायची, आत गुलाबी लालसर निघाली तर समजायचं आतले रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नत्र झाडाला देतायत. पांढरट किंवा हिरवट निघाली तर काम चालू नाही. चाळीस मुलांनी एकेक गाठ फोडून रंग लिहून घेतला की तुमचा नत्रचक्राचा धडा तिथेच झाला. मुलं "ई रक्त" म्हणून ओरडतात, ओरडू द्या. तो रंग ज्या पदार्थाचा, तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा जवळचा नातेवाईकच आहे, हे सांगायची याहून चांगली वेळ नाही.

दुसरी फेरी आऱ्या सुटल्यावर. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीच्या वर येतं, फळधारणा झाली की तिथून एक आरी निघते, ती वाकून जमिनीत घुसते आणि टोकाला शेंग आत धरते. हे मुलांना तोंडी सांगून पटत नाही, सगळ्यांना वाटतं शेंगा मुळांना लागतात. ज्या आऱ्या अजून हवेत आहेत त्यातल्या काहींना रंगीत दोरा बांधून ठेवा, आणि एक दोन झाडांखाली आऱ्या जमिनीला टेकू नयेत म्हणून प्लॅस्टिकचा जाड कागद पसरून दगड ठेवा. तिसऱ्या फेरीला काढणीच्या वेळी बघा, अधांतरी राहिलेल्या आरीला नीट शेंग धरलेली नसते. का? मुलांनाच तर्क करू द्या, लगेच अंधार, ओल वगैरे उत्तर देऊन टाकू नका.

मधल्या काळात शाळेत करण्यासारखं: जुन्या गोणपाटाच्या तुकड्यावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळायचे, ओलं ठेवायचं, आठवड्याने किती उगवले मोजायचे. पेरणीआधी शेतकरी घरच्या बियाण्याची उगवण अशीच बघतात आणि टक्केवारी आपोआप शिकून होते. आणि शेतातली मूठभर माती बाटलीत पाणी घालून हलवून ठेवा, खाली वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती असे थर बसतात. शाळेच्या मैदानातली माती शेजारी ठेवली की फरक दिसतो.

वैतागलेला_बाबा
सगळं छान आहे हो पण जमिनीवर या (शब्दशः). माझी मुलगी सातवीत आहे. एका सहलीचे पैसे भरताना पालकांच्या ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात, तीन फेऱ्या म्हणजे तीन बस, तीन परवानगीपत्रं, त्यात परीक्षा. आणि खरं सांगू का, एवढा खटाटोप करून दहा वर्षांनी ही मुलं शेतकरी होणार आहेत का? चिखलात खेळू द्या एक दिवस, मजा करू द्या, प्रत्येक गोष्टीची वर्कशीट कशाला?

मातीपरीक्षक
@वैतागलेला_बाबा मजेला कोणाचाच विरोध नाही, पण मग त्याला पावसाळी सहल म्हणा, विज्ञानाचे दिवस त्यात मोजू नका. बसचा मुद्दा मान्य. तीनच्या दोन फेऱ्या करा आणि मधली शेतकऱ्याच्या फोनवरून. दोरा बांधलेल्या त्याच झाडांचे फोटो दर रविवारी ग्रुपवर आले तरी मुलं बघतात, कारण त्यातलं एखादं झाड "आमच्या गटाचं" असतं. वर्कशीट नकोच, वहीत चित्र आणि तारीख पुरे.

झेडपी_गुरुजी
मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, त्यामुळे हा धागा वाचून थोडं हसू आलं. आमच्या पोरांना भाताचा कुठला भाग खातात हे शिकवावं लागत नाही, ती शनिवारी दुपारी घरच्या रानातच असतात. आमची अडचण उलटी. शाळेत परसबाग केली, मेथी पालक शेपू लावला, पोषण आहाराच्या खिचडीत आमचीच भाजी पडते, तर एक आजी भांडायला आल्या, शेतातच राबायचं होतं तर पोराला शाळेत कशाला घातलं. त्यांना चूक कसं म्हणू? त्यांचं आयुष्य राबण्यात गेलंय. म्हणून मी एक नियम केला, परसबागेत नुसतं पाणी घाल, गवत काढ असं काम द्यायचं नाही, प्रत्येक कामाला प्रश्न चिकटलेला पाहिजे. दोडक्याचं फूल संध्याकाळी का उमलतं आणि लाल भोपळ्याचं सकाळी का, त्यावर कोण येतं, कळी लागूनही गळून का पडते. नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवलं आणि त्याला भोपळा धरला तेव्हा तेच पोरगं आजीला घेऊन दाखवायला आलं.

आणि हे काही आत्ताचं खूळ नाही शेवंतीताई. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली ती हाताच्या कामातूनच शिक्षण म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे शाळा कुरणात नेली, कुरणशाळा म्हणून. पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम तर तुम्हाला पुण्याहून बघून येण्यासारखं आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलं. त्यांच्या कार्यक्रमात हायस्कूलची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती, पशुपालन, वेल्डिंग, विजेची कामं असं करतात आणि शिकवायला गावातलीच हुन्नरी माणसं असतात. तुमच्या बाईंना प्लॅन देताना हे जोडा, वजन पडतं.

शेवंती_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, भुईमूग फायनल करतेय. गाठी फोडायचं ऐकून मलाच कधी जाईन असं झालंय. फक्त सुरक्षेचं कोणी सांगितलं नाही. पालक मीटिंगमध्ये मला तेच विचारणार.

बांधावरचा
सांगतो ताई.
आधी शेतकऱ्याला विचारा शेवटची फवारणी कधी केली आणि औषध कुठलं. नुसतं "नाही मारलं" यावर जाऊ नका, डबा बघायला मागा, त्यावर किती दिवस लांब राहायचं ते लिहिलेलं असतं. साप म्हणाल तर गवतात, बांधाच्या बिळाजवळ, कडब्याच्या गंजीजवळ पोरांना हात घालू द्यायचा नाही, पुढं एक माणूस काठी आपटत चालेल. बूट सगळ्यांना पाहिजेतच, चप्पल चालणार नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का ते जायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, रुग्णवाहिकेचा १०८ नंबर सगळ्यांना पाठ पाहिजे. कुठं चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही, पाय न हलवता सरळ दवाखाना. भाताच्या चिखलात जाणार असाल तर ज्याच्या पायाला जखम आहे त्याला उतरवू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, उंदरांच्या मुतातून.

संडासाची सोय आधी बघून या, मुलींचे हाल होतात. आणि माझ्या मेव्हण्याचा खेडला भुईमूग असतो, पाहिजे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण जूनच्या आत, पेरणीआधी. पोरांना पांढरे सॉक्स घालून पाठवू नका म्हणावं.

शेवंती_पुणे
व्यनि केलाय दादा. वेळेच्या मानधनाचं पण त्यातच लिहिलंय, मेव्हण्यांना विचारून आकडा सांगा.