मदत हवी आहे: आवाज करणाऱ्या डिस्कवरचे फोटो कसे वाचवावेत?

घरचे सगळे फोटो, गड्ड्यातल्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या) नंदीध्वजांचे धरून, साधारण ८०० जीबी, एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहेत. हल्ली ती लावली की कट्-कट् आवाज येतो. मोठं फोल्डर कॉपी करताना अर्ध्यातच अडकलं. केबल आणि पोर्ट बदलून पाहिले, फरक नाही. म्हणून तूर्त लावणंच बंद केलंय. नवी २ टीबीची डिस्क आणली आहे. लॅपटॉप विंडोज ११. गुगलचे मोफत १५ जीबी भरलेत, अपलोडही फार संथ, त्यामुळे क्लाउड सध्या नको. दुसरी प्रत अक्कलकोटला बहिणीकडे ठेवणार आहे. डेटा रिकव्हरीवाल्याकडे थेट न्यावी, की आधी घरीच महत्त्वाची फोल्डरं काढून बघावीत? आणि प्रत्येक फाइल नीट उतरली हे कशाने तपासता?